समोरचे आणि त्यांचं दार

आमच्या इमारतीत प्रत्येक घराला मिळालेलं दार तीस मिलिमीटर जाडीचं होतं. समोरच्यांचं दार मी एकदा त्यांच्याच परवानगीने पट्टी लावून मोजलं, ते अठ्ठावन्न भरलं. मूळ दारावर आतून प्लायवूड, प्लायवूडवर अॅल्युमिनियमचा पत्रा, आणि बाहेरून, चोराला काही कळू नये म्हणून, अगदी साधा सनमायका. या वजनाने दार लोंबायला लागलं, तेव्हा त्यांनी तीन बिजागऱ्यांच्या पाच केल्या. मग चौकट हलायला लागली. मग चौकटीला लोखंडी कोन ठोकले. शेवटी दार इतकं भक्कम झालं, की त्याच्या शेजारची भिंत त्यांना कच्ची वाटायला लागली. जाता-येता ते भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे.

त्यांचं नाव मी इथे देत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. दारावर त्यांनी पाटीच लावली नव्हती. "चोराला आयतं नाव कशाला सांगायचं? त्याने विचारावं," म्हणायचे. आम्ही त्यांना 'समोरचे' म्हणायचो. माझी बायको तोंडावर 'काका' म्हणायची, माघारी समोरचेच.

नेरूळला आम्ही राहायला आलो, तेव्हा इमारतीच्या मागे खाडीपर्यंत मोकळं रान होतं. केबल टीव्ही आला होता, घरोघर फोन यायचे होते. अख्ख्या विंगमध्ये एकच फोन, तोही दुसऱ्या मजल्यावर. राहायला आलेली माणसं सगळी दुसरीकडून उठून आलेली, कोणी साताऱ्याकडचं, कोणी लालबागचं. एकमेकांची ओळख व्हायची होती. माझ्यासारख्याला ही शांतता बरी वाटायची. समोरच्यांना तीच संशयास्पद वाटायची.

त्यांची सगळी नोकरी परळच्या एका गिरणीत, टाइम ऑफिसात गेली होती. येणाऱ्याचा बिल्ला बघून त्याला आत सोडायचं आणि जाणाऱ्याचा डबा उघडून बघायचा. गिरणी बंद पडली, पण यांची पाळी संपली नाही. मिळालेल्या पैशांतून नेरूळला घर घेतलं आणि त्याच्या दारात ते पुन्हा ड्यूटीवर उभे राहिले.

त्यांच्याकडे जायचं म्हणजे असं. बेल दाबायची. दाराच्या भिंगामागे अंधार व्हायचा.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"समोरचा."

"बरोबर कोण?"

"कोणी नाही."

"मागे बघा."

मी मागे बघायचो. मागे माझंच दार. मग आतून वरपासून खालपर्यंत एकेक कडी निघाल्याचे आवाज यायचे. काही कड्या ते काढून पुन्हा लावून बघायचे, नीट लागते ना याची खात्री करायला. लाकडी दार उघडलं की बाहेरच्या बाजूला लोखंडी जाळीचं दार होतंच. त्याची किल्ली आणायला ते आत जायचे. ही किल्ली कुठे असते हे त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंनाही माहीत नव्हतं. ते किल्ली काढायला निघाले, की काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, असा त्या घरचा नियम होता. मी एकदा लिंबू मागायला गेलो होतो. लिंबू घेऊन परत आलो तोवर आमच्याकडे बिनलिंबाचे पोहे खाऊन झाले होते.

त्यांची काही वाक्यं ठरलेली होती. "दार म्हणजे घराचं तोंड. ज्याचं तोंड कायम उघडं असतं त्याला आपण काय म्हणतो?" हे एक. दुसरं, "चोर हाही एक पाहुणाच असतो. फक्त येतोय म्हणून कळवत नाही." तिसरं त्यांच्या खास आवडीचं, "स्वतःला चोराच्या जागी ठेवून बघा." हे तिसरं ते नुसतं बोलायचे नाहीत.

एका दुपारी माझी बायको बाजारातून आली. दार बंदच होतं. किल्लीने उघडून आत आली तर सोफ्यावर समोरचे बसलेले. हातात एक्स-रेच्या फिल्मची कापलेली पट्टी. त्या पट्टीने त्यांनी आमचं लॅच बाहेरून सरकवलं होतं. फिल्मवर काकूंच्या गुडघ्याचा थोडा भाग दिसत होता, असं बायको नंतर सांगायची.

"अहो काका! तुम्ही आत कसे?"

"मी काका नाही. मी चोर आहे. आता तुम्ही काय करणार?"

बायकोने पिशवी खाली ठेवली. "चहा टाकते. साखर किती घालू?"

"चोराला साखर विचारता?"

"मग बिनसाखरेचा टाकू?"

त्यांनी विचार केला. "एक चमचा."

चहा पिताना त्यांनी आमच्या घरातलं आपण काय काय नेलं असतं ते सविस्तर सांगितलं. मिक्सर नेला असता. देव्हाऱ्यातली चांदीची निरांजनं नेली असती. "टीव्ही मात्र नेला नसता. तो कोण घेणार?" संध्याकाळी मी घरी आलो, तेव्हा बायको संतापलेली होती. घरात परका माणूस शिरल्याबद्दल नव्हे, टीव्हीबद्दल. "चोरालासुद्धा नको असलेला टीव्ही घेतलाय आपण," असं तिने मला त्यानंतर बरेच दिवस ऐकवलं.

पण खरं ते सांगायला हवं. लॅच कुचकामी होतं हे सिद्ध झालं होतं. मी दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुचवलेलं सात लिव्हरचं कुलूप बसवून घेतलं. ते अजून चालतंय. या विषयातलं त्यांचं ज्ञान पक्कं होतं. स्क्रू किती लांबीचा हवा, कडीचा दांडा चौकटीत किती आत गेला पाहिजे, दार आणि फरशी यांत फट किती चालेल, हे ते सांगायचे आणि ते बरोबर असायचं. चुकायचं ते एवढंच, की कुठे थांबायचं हे त्यांना कळत नव्हतं.

सोसायटीच्या सभेत त्यांनी एकदा ठराव आणला, की प्रत्येक मजल्याला परवलीचा शब्द असावा आणि तो दर सोमवारी बदलावा. लक्षात राहावेत म्हणून शब्द भाज्यांचे घ्यावेत. चेअरमननी विचारलं, "म्हणजे मी रात्री दमून आलो आणि वॉचमनला दोडका म्हणालो तरच घरी?"

"आठवड्यानुसार. पुढच्या आठवड्यात घेवडा."

"आणि वॉचमन विसरला तर?"

"त्याला कशाला सांगायचा? शब्द त्यालाही कळता कामा नये."

ठराव नापास झाला. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं, त्यात मी तो 'सुरक्षेबाबत चर्चा झाली' एवढाच लिहिला.

या सगळ्यात ज्यांचं खरं नुकसान होत होतं त्या काकू. त्यांचा जन्म चाळीत गेला होता. "आमच्याकडे दिवसा दार लावलं ना, की शेजारणी विचारायच्या, काय गं, घरात कोण आजारी आहे का? इथं दार उघडं दिसलं की विचारतात." काकू म्हणजे गप्पांचं माणूस. पण इथे त्यांच्या गप्पा जाळीतून चालायच्या, तेही समोरचे दुपारी झोपले असले तर. शेजारच्या करावे गावाहून मासे घेऊन येणारी एक मावशी होती, ती काकूंची सगळ्यांत जवळची मैत्रीण. ती जिन्यावर टोपली टेकवून ओरडायची, "काकू गो, म्हावरा आनलाय!"

आतून समोरच्यांचा आवाज यायचा. "कोण आहे?"

"कोन हाय म्हंजे? वासानी कलत नाय काय तुमाला?"

सौदा जाळीतून व्हायचा. बोंबील चौकोनातून आत जायचे, कोलंबी जायची. चिंबोरी काही जायची नाही, नांग्या अडायच्या. ती जाळी बसल्यापासून त्या घरात चिंबोरी शिजली नाही, ही गोष्ट काकूंनी आम्हाला एकदा डोळ्यांत पाणी आणून सांगितली.

नेरूळला आल्यावर काकूंनी पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकू ठेवलं होतं. बायका आल्या, बेल दाबली, 'कोण, बरोबर कोण' सुरू झालं. पहिल्या दोघीतिघी आत गेल्या. मागच्या बायका जिन्यावर थांबून कंटाळल्या आणि घरी गेल्या. काहींना वाटलं, कार्यक्रम रद्द झाला. वाण म्हणून लुटायला आणलेले प्लास्टिकचे डबे निम्म्याहून जास्त उरले. काकूंनी उरलेलं हळदीकुंकू देवीला वाहिलं, आणि त्यानंतर किती दिवस त्या जाळीपाशीही आल्या नाहीत.

पुढच्या संक्रांतीच्या आधी त्या आमच्या घरी आल्या. समोरचेही मागोमाग आले, कारण काकू एकट्या बाहेर पडल्या की ते यायचेच. आमच्यासमोर काकू त्यांना म्हणाल्या, "या खेपेला बायका दारातून परत गेल्या, तर मी परळला बहिणीकडे जातेय. राहायला. बॅग माळ्यावरून काढून ठेवली आहे. मग तुम्ही राहा आणि तुमचं दार राहू दे."

समोरचे हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. "बॅगेला कुलूप आहे का?" एवढंच त्यांनी विचारलं. पण चेहरा उतरला होता.

हळदीकुंकू रविवारी ठेवलं होतं. मी आमच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो होतो, त्यामुळे जे झालं ते सगळं माझ्या समोर झालं. समोरच्यांनी मोठी सवलत दिली होती. लाकडी दार सताड उघडं. फक्त जाळी बंद, आणि जाळीच्या आत स्टुलावर ते स्वतः. किल्ली खिशात. "एकेकीला लगेच सोडतो. फक्त ओळख पटवायची."

ओळख कशी पटवायची हा प्रश्न होता. बायकांची नावं त्यांना माहीत नव्हती. इमारतीच्या खाली जी नावांची पाटी होती, तिच्यावर सगळी नावं पुरुषांची. ती पाटी मात्र त्यांना तोंडपाठ होती. पहिली गेली माझी बायको.

"यजमानांचं नाव?"

"अहो काका, मी समोर राहते! रोज बघता मला!"

"नियम सगळ्यांना सारखा."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पेपरात तोंड घातलं. संक्रांतीचं हळदीकुंकू, अंगावर काळी साडी, हातात तिळगुळाची डबी, आणि कोणी नवऱ्याचं नाव विचारतंय. मग ती सरळ कसं सांगणार? ती पदर सावरून म्हणाली,

"चार पावलं चालून आले, गुडघे लागले दुखू,
…रावांचं नाव घेते, लावा हळदकुंकू."

मागच्या बायका खदखदून हसल्या. समोरच्यांनी पाटी आठवली, मान हलवली, कुलूप काढलं, तिला आत घेतलं, कुलूप लावलं. "पुढच्या."

पुढच्या होत्या पहिल्या मजल्यावरच्या पाटीलबाई, साताऱ्याकडच्या. त्यांचा आवाज खालच्या रस्त्यावर जाईल असा.

"साताऱ्याचे कंदी पेढे, बेलापूरची खाडी,
…रावांचं नाव घेते, आधी काढा कडी!"

मग काय, रांगेतली प्रत्येक जण तयारीला लागली. कोणी पाठ केलेला उखाणा आठवत होती, कोणी जिन्यावरच नवा जुळवत होती. एकीचा नवरा कंपनीत दुसऱ्या पाळीला होता. तिने त्याच्या नावात पाळीही बसवली. दाद मिळत होती, 'पुन्हा घ्या' होत होतं. शेजारच्या विंगमधल्या, आमंत्रण नसलेल्या दोघी नुसत्या आवाजाने वर आल्या. आत गेलेल्यांना आत काही ऐकू येईना, म्हणून त्या कुंकू लावून घेऊन पुन्हा बाहेर येऊ लागल्या. समोरचे कुलूप काढत होते, लावत होते, घामाघूम झाले होते. गिरणीची पाळी सुटताना असेच दिसत असावेत.

तेवढ्यात एक हिरवं लुगडं नेसलेली, केसांत अबोलीची वेणी माळलेली, नाकात नथ घातलेली बाई जाळीपाशी आली. समोरच्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आपण कोण? या इमारतीतल्या नाही वाटतं."

"अरं देवा! टोपली नाय डोक्यावर त मानूसच ओलखत नाय ह्यो!" मावशीने कपाळावर हात मारला. "रोज म्हावरा खाताव ना माजा?"

"यजमानांचं नाव?"

"घेतंय की. मी काय भितंय काय?

कराव्याच्या खारीन लागली नाखवाची होरी,
…चा नाव घेतंय, मी नाय कराची चोरी!"

नाखवाची होडी कराव्याच्या खाडीला लागली तसा जिना नुसता दणाणला. हा उखाणा ऐकायला आत उरलेल्या बायकाही बाहेर आल्या, आणि त्यांच्यामागे हळदीकुंकवाचं तबक हातात घेऊन काकूही. काकू बाहेर पडताच समोरच्यांनी सवयीने जाळी ओढली आणि कुलूप घातलं. आता सगळ्या बायका बाहेर, आणि ते एकटे आत. त्यांच्या मागे टेबलावर वाणाचे डबे रचलेले, तिळाचे लाडू, आटवलेलं दूध.

काकूंनी मावशीला कुंकू लावलं आणि वळून म्हणाल्या, "अहो, उघडा. वाण आत राहिलं."

समोरचे स्टुलावरून उठले. हात खिशाकडे गेला. तिथेच थांबला.

"यजमानांचं नाव?"

ते गंमत करत होते की खरंच विचारत होते, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही. "नियम सगळ्यांना सारखा," असंही ते पुटपुटले.

बायका हसल्या. "काकू, घ्या नाव! घ्या घ्या!"

काकू हसल्या नाहीत. त्यांनी तबक जिन्याच्या कठड्यावर ठेवलं. "नाही घेत."

"का?"

"उंबऱ्याबाहेर उभं करून नवऱ्याचं नाव विचारतात ते पोलीस. मी नाव घेईन, पण उघड्या दारात घेईन. नाहीतर आत्ता या बायकांना वाणाशिवाय परत जाऊ दे, आणि मी चालले परळला. स्टेशनपर्यंत पोचवायला आहेत एवढ्या जणी."

"मी येतंय," मावशी म्हणाली. "बॅग मी घेतंय डोक्यावर."

आता कोणी हसेना. समोरच्यांनी टेबलावरचा एक डबा उचलला आणि जाळीतून बाहेर द्यायला गेले. डबा जाईना. त्यांनी तो उभा धरून बघितला, आडवा धरून बघितला. झाकण काढून तिरकं दिलं, ते गेलं. डबा अडला. डबा पाच इंचांचा होता आणि जाळीचा चौकोन चार इंचांचा, हे मला बसल्या जागेवरून दिसत होतं. ही जाळी त्यांनी स्वतः माप देऊन करून घेतली होती.

"तुम्ही सगळ्या एकदम आत आलात," ते डबा हातात घेऊन म्हणाले, "तर मी लक्ष कसं ठेवू?"

काकू जाळीजवळ गेल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "कशावर ठेवायचंय? नेण्यासारखं आहे काय या घरात, तुमच्याशिवाय?"

समोरच्यांनी हातातला डबा टेबलावर परत ठेवला. मग त्यांनी किल्ली काढायला खिशात हात घातला. आणि काकू, इतक्या वर्षांच्या सवयीने, पाठ करून उभ्या राहिल्या. ते बघून माझी बायकोही वळली. मग पाटीलबाई, मग मावशी, मग जिन्यावरच्या सगळ्या. जरीचे, सुती, काळे पदर आणि हळदीकुंकू लावलेली कपाळं, सगळी माझ्या दिशेने. मला पेपरात बघणं भाग पडलं.

कुलूप निघालं. जाळीची एक झडप उघडली. काकू वळल्या, आणि उंबऱ्यावर उभ्या राहून, आता कोणी न विचारता, स्पष्ट आवाजात म्हणाल्या,

"सात कड्या, दोन कुलपं, साखळी त्याच्यावर,
…रावांनी दार उघडलं, आज झालं घर."

टाळ्या पडल्या. मावशीने काकूंची दृष्ट काढली. समोरचे बाजूला उभे होते, कान लाल झालेले.

"कड्या आठ," ते हळूच म्हणाले. "जाळीच्या दुसऱ्या झडपेची खालची तुम्ही धरली नाहीत."

मी डोकावून मोजल्या. आठच होत्या.

"मग ती कशाला लावून ठेवलीत?" काकू म्हणाल्या. "एका झडपेतून किती जणी जातील?"

समोरचे खाली बसले. जाळी बसवल्यापासून ती कडी कधी काढली नव्हती, गंजून धरली होती. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि टाचेकडून कडीवर ठोकायला सुरुवात केली. गंजाचे पोपडे फरशीवर पडले. कडी सुटली, दुसरी झडप कुरकुरत सरकली आणि भिंतीला जाऊन लागली, आणि बायका दोन-दोन करून आत गेल्या.